भाऊंची सीलबंद कवळी

विरारजवळच्या बोळिंजच्या बाजारात मला अजूनही कोणी नावाने हाक मारत नाही. केळीवाल्या मावशी, रिक्षास्टँडवरची मंडळी, आमच्या सोसायटीचा वॉचमन, सगळे मला 'पाहुणे' म्हणतात. ज्या पोरांनी मला कधी बॅट धरलेलं पाहिलेलं नाही, तीसुद्धा 'पाहुणे, जरा बाजूला' म्हणून सायकल दामटतात. इथे फ्लॅट घेतला तेव्हा माझे केस काळे होते. आता ते नाहीतच म्हटलं तरी चालेल. वीजबिलावर, पाणीपट्टीवर, मतदारयादीत माझं नाव व्यवस्थित छापलेलं आहे, पण गावाच्या तोंडी मी पाहुणाच राहिलो. हे बारसं भाऊंनी केलं, आणि तेही लाउडस्पीकरवरून. लाउडस्पीकरवरून झालेलं बारसं रद्द करता येत नाही.

भाऊंना जाऊन आता वर्ष होत आलं. ते माझे नातेवाईक नव्हते, शेजारीही नव्हते. त्यांची केळीची वाडी आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून होती, एवढाच काय तो संबंध. तरी एक काळ असा आला की ते काय बोलतात ते जगात फक्त दोन माणसांना कळायचं, एक त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, आणि एक मला. त्यातही वहिनी ऐकायच्या नाहीत, म्हणजे उरलो मीच.

बारशाचं असं झालं. थंडीच्या दिवसांत इकडच्या गावांमध्ये टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने भरतात. वाड्यांमधल्या मोकळ्या जागेवर मांडव, लाल खुर्च्या, माडांना बांधलेले दोन कर्णे, आणि मांडवात मायक धरून बसलेला समालोचक. मी मुंबई सोडून नुकताच राहायला आलो होतो. एका रविवारी गावच्या संघात एक माणूस कमी पडला म्हणून भिंतीवरून डोकावणाऱ्या मला कोणीतरी विचारलं, "खेळता काय?" मी म्हणालो, कॉलेजात खेळायचो. ते खरंच होतं. कसा खेळायचो ते कोणी विचारलं नाही, त्यामुळे मीही सांगितलं नाही.

खेळपट्टीपर्यंत मी बऱ्यापैकी ऐटीत चालत गेलो. गार्ड घेतला, क्षेत्ररक्षणावर नजर फिरवली, टीव्हीवर करतात तसं खेळपट्टीवर बॅटने दोनदा ठोकलं. पहिल्याच चेंडूला माझी दांडी उडाली. परत फिरलो तसा कर्ण्यातून एक भरदार, खर्जातला आवाज आला, "पाहुने आले. पाहुने बसले नाय. चाय पन नाय घेतली. पाहुने निघाले."

सगळं मैदान हसलं. पुढची अनेक वर्षं मी खेळत राहिलो आणि अनेक वर्षं चहा न घेता निघत राहिलो. भाऊंनी त्या चार वाक्यांत कधी फरक केला नाही. लोक माझ्या बॅटिंगला नव्हे, त्या वाक्यांना यायचे. मी पॅड बांधायला लागलो की मांडवातली मंडळी खुर्च्या पुढे ओढून घ्यायची.

भाऊंनी आयुष्यभर आवाजाचीच नोकरी केली होती. एसटीच्या डेपोत ते चौकशीच्या खिडकीत बसायचे आणि गाड्यांच्या घोषणा करायचे. नुसती 'गाडी फलाटावर लागत आहे' अशी घोषणा त्यांच्याकडून व्हायची नाही. "हवा पश्चिमेची हाय, चालकसायब उपहारगृहातून बाहेर पडलेत, हात पुसलेत, आता गाडीकडे निघालेत," अशी सगळी हकिगत प्रवाशांना मिळायची. वरून तंबी आली की दोन दिवस ते नियमाप्रमाणे बोलायचे. मग प्रवासीच खिडकीपाशी येऊन विचारायचे, "भाऊ, तब्येत बरी नाय काय?"

निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. घरात वहिनी स्वयंपाक करत असल्या की ओट्याजवळ उभे राहून ते चालू व्हायचे. "वहिनी तव्याच्या टोकाला. बांगडा उलटला. सुंदर, अतिशय सुंदर." स्वतःच्या बायकोला ते वहिनी म्हणायचे, कारण सगळं गाव म्हणायचं आणि समालोचकाने गावाच्या बाजूने बोलायचं असतं असं त्यांचं मत होतं. वहिनी न वळता, समालोचक कोणी तिसराच असल्यासारख्या म्हणायच्या, "त्याना सांगा, गप ताटावर बसा."

आणि हवा. कुठलंही अवघड बोलणं ते हवेपासून सुरू करायचे. वाडीतली केळ पडली, कोणाची सोयरीक मोडली, कोणी गेलं, काहीही असो, भाऊ आधी मान वर करून माडाच्या झावळ्यांकडे पाहायचे आणि म्हणायचे, "हवा पश्चिमेची हाय." मग पुढची बातमी यायची. वारा पूर्वेचा असला तरी ती पश्चिमेचीच असायची.

तर अशा माणसाचे दात गेले.

सगळे आपणहून गेले असते तर गोष्ट वेगळी. वरचे बरेचसे गेलेच होते. पण खालचे पुढचे दात पक्के होते, इतके की ते त्यांवर सुकेळी खायचे. वसईतली सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, गोड आणि चिवट. कच्च्या दातांचं ते काम नाही. वरचा एक दात हलतो म्हणून भाऊ नालासोपाऱ्यात स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात गेले. तिथे तीन खुर्च्या, तिन्हींवर माणसं उताणी, आणि डॉक्टर या खुर्चीवरून त्या खुर्चीवर. डॉक्टरने तोंडात पाहिलं न पाहिलं आणि सांगितलं, सगळेच काढू, कवळी घट्ट बसेल. भाऊंच्या तोंडात तेव्हा त्याचा आरसा होता, नाहीतर त्यांनी काहीतरी समालोचन केलं असतं. थोड्याच दिवसांत खालचे पक्के दातही निघाले. हिरड्या भरून यायची वाट न पाहताच माप घेतलं आणि कवळी तयार होऊन आली.

कवळी न्हाणीघरातल्या नव्या फरशीसारखी पांढरी होती. भाऊ पहिल्यांदा हसले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ह्ये कोन आलं घरात?" सुरुवातीला ती बसली. मग हिरड्या आटत गेल्या आणि कवळी सैल होत गेली. खालची उड्या मारायची, वरची मध्येच खाली यायची, 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची. तोंडात फोड आले. भाऊ डॉक्टरकडे गेले की तो म्हणायचा, सवय होईल. एकदा त्याने कानशीने थोडं घासून दिलं, तेव्हापासून ती आणखी सैल झाली.

त्या थंडीत सामने लागले. भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मांडवात बसले, मायकवर दोनदा टिचकी मारली आणि उद्घाटनाचं बोलायला लागले. "सर्व संघांचं स्वागत" म्हणता म्हणता खालची कवळी बाहेर उडाली आणि मायकच्या पुढ्यात टेबलावर पडली. मायक चालू होता. तो आवाज दोन्ही कर्ण्यांतून गावभर गेला.

मैदान हसलं. लोकांचा त्यात वाईट हेतू नव्हता, भाऊंनीच त्यांना हसायची सवय लावली होती. पण आजवर ते भाऊंबरोबर हसायचे. भाऊंनी मायकचं बटण बंद केलं, कवळी रुमालात बांधली आणि वाडीच्या वाटेने घरी गेले. दुपारी सामन्यांच्या मंडळाने विरारहून एक तरणा समालोचक आणला. तो 'क्या शॉट है भाई, वन मोअर टाइम' असं काय काय बोलत होता. मी बाद झालो तेव्हा त्याने नुसतं 'बॅड लक' म्हटलं. मला इतकं पोरकं कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतर एका संध्याकाळी भाऊ रुमालाची पुरचुंडी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. माझ्याकडेच का, तर माझी नोकरी विमा कंपनीतली. दावे तपासायच्या विभागात मी काम करतो, म्हणजे सोप्या भाषेत, लोकांना भरपाई कशी द्यायची नाही याचा मला दांडगा अनुभव आहे. भाऊंना वाटलं, ज्याला दार बंद करता येतं त्याला ते उघडताही येत असणार. मलाही तसंच वाटलं. माझ्या ज्ञानावर विश्वास ठेवणारी माणसं इतकी कमी भेटतात की मी लगेच हुरळलो.

त्यांनी छताकडे पाहून काहीतरी म्हटलं. शब्द कळले नाहीत, पण हवा पश्चिमेची असणार हे कळलं. पुढचं मात्र तीन वेळा विचारावं लागलं. त्यांना केस करायची होती. ग्राहक आयोगात. माझे धडधाकट दात काढले आणि माझं तोंड बंद केलं, हे त्या डॉक्टरला कोणीतरी ठणकावून सांगितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कारण तोंड बंद झालेला समालोचक स्वतः ते सांगू शकत नव्हता.

मी चष्मा लावला, खुर्चीत ताठ बसलो आणि ऑफिसात म्हणतो तसं एक भारदस्त वाक्य टाकलं, "भाऊ, ही कवळी म्हणजे मुख्य पुरावा. जिवापाड सांभाळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला वाडीत बोलावून घेतलं. ओटीवर एक स्टीलचा डबा ठेवलेला. त्यात कवळी. डब्याला पांढरं मांजरपाट गुंडाळून वहिनींकडून चारी बाजूंनी शिवून घेतलेलं आणि शिवणीवर लाखेचे ठिपके. भाऊंनी पेन पुढे केलं आणि पंच म्हणून मला कापडावर सही करायला लावली. डेपोत एकदा चोरीची ट्रंक सापडली होती, त्या पंचनाम्याला ते हजर होते. पुराव्याला हात लावायचा नसतो, सील साहेबांसमोरच तोडायचं असतं, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं होतं.

"अहो भाऊ, तसं नाही," मी म्हणालो, "कवळी घाला, खा, प्या. फक्त हरवू नका."

भाऊंनी मान हलवली. वापरलेला पुरावा तो पुरावा नाही. वहिनी आतून म्हणाल्या, "तुमीच सांगितलंत ना सांभाळा? आता भोगा."

भोगायचं भाऊंनाच होतं. केस चालू असेपर्यंत त्यांनी तोंडात दात घातला नाही. पेज, मऊ भात, कालवणात कुस्करलेली चपाती. वहिनींनी एकदा सुकेळी दुधात भिजवून दिली तर वाटी परत पाठवली. ओलं सुकेळं खाणं हा त्यांच्या लेखी अपमान होता. डबा देवघराच्या वरच्या फळीवर होता. संध्याकाळी वहिनी दिवा लावायच्या तेव्हा उदबत्तीचा धूर देवांबरोबर कवळीलाही मिळायचा.

मी तक्रार लिहिली. लिहिली म्हणजे काय, आमच्या कंपनीविरुद्ध लोक ज्या तक्रारी करतात त्यातल्या ज्या मी नाकारल्या होत्या त्या आठवून लिहिली. त्यामुळे ती वाचताना मला स्वतःलाच ती नाकारावीशी वाटत होती. विरारमधल्या एका तरुण दंतवैद्य बाईंकडे आम्ही मत मागायला गेलो. त्यांनी हिरड्या पाहिल्या. वहिनींनी गादीखालून भाऊंचा जुना एक्स-रे काढून दिला होता, तो उजेडात धरून पाहिला आणि खालचे दात काढायची गरज नव्हती, असं स्पष्ट लिहून दिलं. डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहीत नाही म्हणतात, या बाईंनी लिहिलं. मग त्या म्हणाल्या, "आता कवळी घालून दाखवा, तिच्याबद्दलही लिहिते."

भाऊंनी डबा छातीशी धरला. सील तुटणार नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ते म्हणतायत, हा मुद्देमाल आहे." बाईंनी पेनाचं टोपण लावलं. कवळीबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही.

या सगळ्यात मी भाऊंचा दुभाषा झालो. मराठीचं मराठीत भाषांतर करणारा दुसरा माणूस निदान आमच्या तालुक्यात नसावा. बँकेत, रेशनच्या दुकानात, टेम्पोवाल्याशी केळ्यांचा भाव ठरवताना, भाऊ तोंडातल्या तोंडात वारा घुमवायचे आणि मी त्याचे शब्द करून द्यायचो. ते लांबलचक बोलले आणि मी थोडक्यात आटपलं की बरगडीत कोपर बसायचं. हवेचं वाक्य मी बहुतेक वेळा गाळायचो, तेव्हा तर हमखास बसायचं. घरी बायको म्हणायला लागली की मीही हल्ली तसाच बोलतो, निम्मं कळत नाही. मी म्हणालो, ते लग्नापासूनचं आहे.

तारखा पडत गेल्या. शेवटी सुनावणीचा दिवस आला. आयोगाच्या अध्यक्ष एक शांत बाई होत्या. डॉक्टर आला नव्हता, त्याचा वकील आला होता. मी आदल्या रात्री आरशासमोर पाठ केलेलं भाषण 'माननीय' या शब्दापर्यंत व्यवस्थित म्हटलं. पुढे काय होतं ते मला आजतागायत आठवलेलं नाही. बाईंनी दयेने कागद चाळायला घेतले. दातांचा भाग एक्स-रे आणि दंतवैद्य बाईंच्या मतावरून त्यांच्या ध्यानात आला असावा, त्यांनी मान डोलावली.

मग वकील उठला. "कवळीबद्दलचा आरोप खोटा आहे. तक्रारदाराने ती नीट वापरलीच नाही. मुळात ते ती घालतच नाहीत. मग वाईट आहे हे ठरलं कसं?"

"कवळी आणली आहे का?" बाईंनी विचारलं.

भाऊंचा चेहरा उजळला. इतके दिवस ते या प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला, कापडावरची माझी सही बोटाने दाखवली, लाख शाबूत असल्याचं दाखवलं आणि वकिलाकडे एक नजर टाकली. शिपायाने कात्री दिली. सील तुटलं. आत भाऊंचे दात होते, पांढरेशुभ्र, उदबत्तीच्या वासाचे.

"घाला आणि बोला," बाई म्हणाल्या. "नाव, गाव, एवढंच सांगा."

मी मनातून खूश झालो. आता भाऊ बोलणार, शिट्टी वाजणार, खालची कवळी उडून थेट वकिलाच्या कागदांवर पडणार, आणि यापेक्षा मोठा पुरावा कुठला? मी खुर्ची थोडी मागेही घेतली. हिरड्या आता तर आणखी आटल्या होत्या.

पण त्या दालनात आवाज मागेपर्यंत जात नसे, म्हणून साक्ष देणाऱ्याच्या टेबलावर मायक असायचा. शिपायाने तो भाऊंपुढे सरकवला आणि बटण दाबलं. छोटा लाल दिवा लागला.

भाऊंनी त्या दिव्याकडे पाहिलं. पाठ सरळ केली. मायकवर दोनदा टिचकी मारली.

"नमस्कार मंडळी," भाऊ म्हणाले. "हवा पश्चिमेची हाय. ऊन चढतंय. समोर न्यायासनावर आदरणीय बाईसायब, डोळ्यांवर चष्मा, हातात पेन. पलीकडच्या टोकाला काळ्या कोटात डॉक्टरांचे वकील, पोरगा तयारीचा दिसतो. आनि आपल्याकडून पाहुने. पाहुने अजून नाबाद हायत, मंडळी. आश्चर्य हाय."

एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. शिट्टी नाही, कटकट नाही. तोच खर्जातला, भरदार आवाज. नाव, गाव, वाडी, डेपो, सगळं सांगून त्यांनी "धन्यवाद" म्हटलं आणि मायक हळूच मागे सारला. दारात बाहेरची माणसं येऊन उभी राहिली होती. शिपाई हसत होता. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं होतं. एकटा मी डोक्याला हात लावून बसलो होतो.

"मला काही विचारायचं नाही, मॅडम," वकील म्हणाला आणि खाली बसला.

बाहेर आल्यावर भाऊ माझ्यासाठी न थांबता व्हरांड्याच्या टोकाच्या नळाकडे गेले. मी मागे गेलो तेव्हा त्यांनी कवळी काढून हातात घेतली होती आणि चूळ भरत होते. पाणी लाल येत होतं. जिभेने आणि जबड्याने ती त्यांनी कशी दाबून धरली होती देव जाणे, दोन्ही गाल आतून कापले होते. मी भडकलो. मला खरंच राग आला होता. "कशासाठी, भाऊ? पडू द्यायची ना! त्यासाठीच तर आलो होतो. एक वाक्य वाईट बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

भाऊंनी तोंड पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि दात नसलेल्या तोंडाने एवढंच म्हणाले, "मायक चालू होता, पाहुने."

मी त्यांच्या हातातून कवळी घेतली, धुतली आणि डब्यात ठेवली.

निकाल यायचा तसाच आला. धडधाकट दात विनाकारण काढल्याबद्दल डॉक्टर दोषी, भरपाई द्यावी. कवळीचा दावा फेटाळला. कारण, 'तक्रारदार सदर कवळी लावून सुस्पष्ट व अस्खलितपणे बोलतात, हे आयोगाने प्रत्यक्ष ऐकले आहे.' अर्धा डाव माझ्या डोळ्यांदेखत भाऊंनी स्वतःच्या तोंडाने घालवला होता. मी वाडीत जाऊन चरफडत त्यांना निकाल वाचून दाखवला. भाऊंनी ते वाक्य परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा. मग वहिनींना बाहेर बोलावून त्यांच्यासाठी वाचायला लावलं.

"अस्खलित मंजे काय?" वहिनींनी विचारलं.

"न अडखळता," मी म्हणालो.

"त्ये मला कधीपासून म्हाईत हाय," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. भाऊंनी मात्र ते पान प्लॅस्टिकमध्ये घालून आणलं आणि ओटीवर कालनिर्णयाशेजारी टांगलं. आल्यागेल्याला ते बोटाने ती ओळ दाखवायचे. आयुष्यभर तंबीचे कागद मिळालेल्या माणसाला कोणीतरी साहेबाने पहिल्यांदाच बरं लिहून दिलं होतं.

भरपाई आली तेव्हा मी ताबडतोब विरारच्या त्या बाईंशी बोललो. आता हिरड्या पूर्ण भरल्यात, नवी कवळी नीट बसेल, त्या म्हणाल्या. दोनदा वेळ ठरवली, दोनदा भाऊ गेले नाहीत. तिसऱ्यांदा मी त्यांना न्यायला रिक्षा घेऊन गेलो, तर ओटीवर एक मोठं खोकं. आत दोन नवे कोरे स्पीकर आणि बिनवायरचा मायक.

"तुमी सांगा त्याना," वहिनी म्हणाल्या. "माजं कोन आयकत नाय."

मी सांगितलं. चांगलंच सुनावलं. तुम्ही खाणार काय, बोलणार कसे, एवढी खटपट मी कशासाठी केली, सगळं बोललो. भाऊ ऐकून घेत होते. मग त्यांनी माडाच्या शेंड्याकडे पाहिलं, आणि त्यांचं हवेचं झाल्यावर जे बोलले ते मी त्यांचा दुभाषा म्हणून जसंच्या तसं देतो. "दात घालून बोललो त्या दिवशी, पन सगळा वेळ भ्या वाटत होतं. पडतील, पडतील. भ्या ठेवून बोलायचं नाय. आता पडायला कायच नाय."

सामन्यांच्या मंडळाचे लोक अडचणीत पडले. त्यांना भाऊंना नाही म्हणवेना आणि हो म्हणायची सोय नव्हती. "भाऊ, लोकांना कळनार कसं?" अध्यक्ष म्हणाला. भाऊंनी प्लॅस्टिकमधलं पान त्याच्या हातात दिलं. आयोगाने लिहून दिलेलं मंडळ कसं नाकारणार? शेवटी तडजोड झाली. चाळिशी उलटलेल्यांचा एक सामना असतो, जो पाहायला खेळणाऱ्यांच्या बायकासुद्धा येत नाहीत, तो भाऊंना दिला. आम्ही विरुद्ध वसईच्या किनाऱ्यावरचं पाचूबंदर.

पाचूबंदरचा कप्तान स्वतः यष्टीमागे उभा राहायचा. माझ्याच वयाचा, होडीवरचा माणूस, पोट माझ्यापेक्षा थोडं पुढे. भाऊंनी नव्या मायकवर टिचकी मारली आणि बोलायला सुरुवात केली तेव्हा मांडवात हसं पिकलं. नव्या स्पीकरमधून नुसता वारा घुमत होता. मी पॅड बांधत होतो, माझे हात थांबले. ते आता मायक बंद करतील, रुमाल काढतील, वाडीकडे निघतील, असं मला वाटत राहिलं.

भाऊ थांबले नाहीत. चेंडू वर गेला की त्यांचा आवाज वर जायचा, झेल सुटला की धपकन खाली यायचा, चौकार गेला की माडांपर्यंत पोचायचा. शब्द कोणालाच कळत नव्हते, पण काय चाललंय ते न बघताही कळत होतं. हळूहळू हसू थांबलं. चहावाल्याच्या टपरीवरची माणसं पेला घेऊन दोरीपाशी आली. तो विरारचा तरणा समालोचक मांडवाच्या कडेला उभा राहून ऐकत होता.

मग मी उतरलो. मांडवातल्या खुर्च्या जुन्या सवयीने पुढे सरकल्या. गार्ड घेतला, क्षेत्ररक्षणावर नजर फिरवली, बॅटने दोनदा ठोकलं. पहिलाच चेंडू पायात आला आणि पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. यष्टी उचलायला वाकलेला कप्तान हसत होता.

स्पीकरमधून भाऊंचा आवाज आला. चार वाक्यांची सवय असलेलं मैदान आपोआप हसलं.

पण ती चार वाक्यं नव्हती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच भाऊंनी ती बदलली होती. ते म्हणाले, "पाहुने नव्हते, मंडळी. घरचेच होते. घरच्या मानसाला चाय कोन इचारतो."

"पाहुने, काय बोल्ला तो?" कप्तानाने विचारलं.

भर मैदानात, दोन्ही नव्या स्पीकरवरून माझं बारसं रद्द झालं होतं आणि ते कळलेला मी एकटा होतो. भाषांतर करायला तोंड उघडलं आणि वाकून पॅडचा बंद आवळायला लागलो. ते सांगताना डोळे पुसणारा पाहुणा दाखवून कप्तानाच्या हातात आयुष्यभराची थट्टा द्यायची माझी तयारी नव्हती.

"नेहमीचंच," मी कसंबसं म्हणालो. "पाहुणे आले, पाहुणे निघाले."

कप्तान मनापासून हसला आणि ते क्षेत्ररक्षकांना ओरडून सांगितलं. म्हणून बाजारात मला अजूनही सगळे पाहुणेच म्हणतात.